पाखरांचा हिशेबनीस

उन्हाळ्यात पक्षी पाहायला बाहेर पडायचे, ही कल्पनाच आम्हा जालनेकरांना चमत्कारिक वाटते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे सकाळी नऊ वाजताच रस्ते ओस पडू लागतात. दुपारी झाडावरचा कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतो. पक्षी पाहावेत ते हिवाळ्यात, स्वेटर घालून, थर्मासमधला चहा घेत, अशी आपली पक्की समजूत. पण आपल्या देशातला पाखरांचा एक मोठा मेळा भर उन्हाळ्यात आणि खाऱ्या पाण्याच्या काठी भरतो. तो पाहण्यासाठी 1945 च्या एप्रिल महिन्यात अठ्ठेचाळीस वर्षांचा एक किरकोळ अंगाचा गृहस्थ कच्छच्या मोठ्या रणात उंटावर बसून गेला होता. पायाखाली मिठाचा चिखल, वर आग ओकणारे आकाश आणि समोर क्षितिजापर्यंत पसरलेली गुलाबी वस्ती. चिखलाचे छोटे छोटे ढिगारे रचून त्यांवर रोहित पक्ष्यांनी, म्हणजे फ्लेमिंगोंनी, घरटी घातली होती. कच्छी लोक या पक्ष्याला हंज म्हणतात. त्या गृहस्थाने पद्धतशीर अंदाज घेतला. घरटी भरली एक लाखाच्या वर आणि पक्षी सुमारे पाच लाख.

त्या गृहस्थाचे नाव सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली. सारा देश त्यांना डॉ. सलीम अली म्हणून ओळखतो.

माझा सगळा जन्म बँकेत खतावण्या आणि ताळेबंद यांच्या संगतीत गेला. त्यामुळे असेल, पण सलीम अलींच्या चरित्रातली मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे त्यांची हिशेबाची शिस्त. पाखरांवर प्रेम करणारे पुष्कळ असतात. पाखरांचा जमाखर्च साठ-सत्तर वर्षे न कंटाळता मांडणारा विरळा. आणि हा जमाखर्च मांडणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात ऐन उमेदीच्या काळात फारसे काही नव्हते, हे तर पुष्कळांना ठाऊकही नसते.

एका चिमणीपासून

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत खेतवाडीत सलीम अलींचा जन्म झाला. घर सुलेमानी बोहरा समाजातले, सुशिक्षित आणि मोठ्या गोतावळ्याचे. भावंडांत हे शेंडेफळ. ते एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे झाले तोवर आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना पोटच्या लेकरांसारखे वाढवले. मामा नामांकित शिकारी. त्यांनी भाच्याला खेळण्यातली छऱ्यांची बंदूक आणून दिली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पोरगा चिमण्या टिपत हिंडू लागला.

1908 च्या सुमाराची गोष्ट. टिपलेल्या चिमण्यांमध्ये एक जरा निराळी निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खावी की खाऊ नये, असा प्रश्न मुलाला पडला आणि तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. एका गोऱ्या साहेबापुढे एकट्याने जायचे म्हणजे त्या वयाच्या मुलाची काय अवस्था झाली असेल! पण साहेब मायाळू निघाले. त्यांनी ती रानचिमणी ओळखली. मग एकामागून एक खण उघडून, जतन करून ठेवलेले शेकडो पक्षी मुलाला दाखवले. पुढे पक्ष्यांचे कातडे सोलून, भरून, जपून कसे ठेवावे याचे शिक्षणही त्याला तिथेच मिळाले.

आजच्या वाचकाला मृत पाखरांचे ते खण कदाचित रुचणार नाहीत. पण त्या काळी पक्षिशास्त्र बंदुकीच्या नळीतूनच चालत असे. सलीम अलींनीही अभ्यासासाठी पक्षी मारले आणि ते कधी लपवले नाही. त्यांची ओढ मात्र दिवसेंदिवस जिवंत पाखराकडे गेली. ते काय खाते, कुठे राहते, कसे वागते, याकडे.

नोकरी गेली, तेव्हा

शिक्षणात सलीम अली काही चमकले नाहीत. डोकेदुखीच्या त्रासाने शाळा अडखळत झाली. 1913 मध्ये कसेबसे मॅट्रिक होऊन ते ब्रह्मदेशात तवॉय येथे गेले. तिथे भावाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यापेक्षा रान पाहण्यातच त्यांचा वेळ अधिक गेला. 1917 मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला घेतली. याच काळात सेंट झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड हेरली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी एका कॉलेजात जमाखर्च आणि नंतर दुसऱ्या कॉलेजात प्राणिशास्त्र, अशी त्यांची तारांबळ चाले. पुढल्या आयुष्यात ही दोन्ही शिक्षणे त्यांना सारखीच उपयोगी पडली, असे मला वाटते.

1918 च्या डिसेंबरात त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. तेहमिनांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले. वाचनाची आणि उत्तम भाषेची त्यांना जाण होती. नवऱ्याबरोबर त्या ब्रह्मदेशात गेल्या. तिथला धंदा बसला, तेव्हा परतही आल्या. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती सलीम अलींना मिळाली नाही. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम लागले. पगार महिना 350 रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

पण दोन वर्षांतच अभ्यास अपुरा असल्याची जाणीव त्यांना टोचू लागली. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. पदवी नसलेल्या या हिंदी माणसाला त्या विद्वानाने बरोबरीने वागवले. सलीम अली जन्मभर त्यांना गुरू मानत राहिले. 1930 मध्ये ते मोठ्या उमेदीने परतले आणि पाहतात तो म्युझियममधली जागाच रद्द झालेली! पैसे नाहीत, म्हणून पदच काढून टाकले होते.

वय तेहतीस. पदरी पत्नी. हातात परदेशी विद्या आणि कमाई शून्य. आपल्यातल्या कितीतरी जणांनी अशा वेळी मुकाट्याने एखाद्या पेढीत कारकुनी पत्करली असती आणि पाखरांना रविवारपुरते ठेवले असते. त्यात काही गैरही नाही. पोट कुणाला चुकले आहे? पण तेहमिनांनी नवऱ्याला त्या वाटेला जाऊ दिले नाही. खर्च कमी व्हावा म्हणून दोघे मुंबई सोडून समुद्रकाठच्या किहीमला राहायला गेले.

किहीमचा पावसाळा

अलिबागजवळचे किहीम आज सहलीला जाणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. तेव्हा ते नारळी-पोफळीतले एक निवांत खेडे होते. पावसाळा सुरू झाला आणि जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत भरली. हाती वेळच वेळ असलेल्या सलीम अलींनी आडोसा उभारला आणि ते रोज तासन् तास ती घरटी पाहत बसू लागले. कुठला नर कधी आला, किती विणून झाले, मादी केव्हा आली, कुठे शिरली, सगळ्याची नोंद.

सुगरण हा शब्द आपण स्त्रीलिंगी वापरतो आणि घरटे मादीच विणते असे धरून चालतो. खरे तर विणकर नर असतो. तो अर्धे घरटे विणून थांबतो. मग माद्या येतात, घरटी आतून-बाहेरून पारखून घेतात आणि एखादे पसंत पडले तर तिथे संसार मांडतात. त्यानंतर नर उरलेले काम पुरे करतो आणि तिला अंड्यांवर बसवून दुसरे घरटे विणायला लागतो. तिथे दुसरी मादी येते, मग तिसरे घरटे. एकाच हंगामात एकामागून एक संसार! हे गुपित सलीम अलींनी नोंदींच्या आधारे उलगडले आणि 1931 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात तो लेख छापून आला. जगभरच्या तज्ज्ञांचे लक्ष या बेकार माणसाकडे गेले ते त्या लेखामुळे. नोकरी टिकली असती तर किहीमचा तो पावसाळा त्यांच्या वाट्याला आला असता का, कुणास ठाऊक!

निजामाच्या मुलखात

आता आपल्या भागाकडे येऊ. नोकरी मिळत नाही म्हटल्यावर सलीम अलींनी एक अजब सौदा पुढे केला. देशातल्या बहुतेक संस्थानांत कुठले पक्षी आहेत याची धड यादी नव्हती. संस्थानाने प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च सोसावा, मी मोबदला न घेता पाहणी करून देतो, असा तो सौदा. पहिल्यांदा तो जमला हैदराबाद संस्थानात. 1931-32 साली ही पाहणी झाली आणि पुढल्या दोन वर्षांत तिचे अहवाल प्रसिद्ध झाले.

त्या वेळी सगळा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. आमचे जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडे. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1981 साली. म्हणजे गोदावरीच्या आणि पूर्णा-दुधनेच्या या मुलखातल्या पाखरांची शास्त्रीय दप्तरी जी पहिली मोठी नोंद झाली, ती पगार न घेणाऱ्या एका माणसाने केली. आपल्या शाळांत हे मुलांना आवर्जून सांगायला हवे.

या भटकंतीत तेहमिना सोबत असत. सामानसुमान, शिधा, नोकरमाणसे, मुक्काम हलवणे ही सगळी जोखीम त्यांच्या शिरावर. रात्री कंदिलाच्या उजेडात नवऱ्याचे लिखाण तपासून देणे हेही त्यांचेच काम. हैदराबादनंतर कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी कितीतरी संस्थाने झाली. मग 1939 मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर रक्तदोष होऊन तेहमिना गेल्या. मूलबाळ नव्हते. बेचाळीस वर्षांचे सलीम अली बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहायला गेले आणि अखेरपर्यंत त्यांनी दुसरे लग्न केले नाही.

दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. सामान्य माणसाला हाती धरता येईल आणि चित्र पाहून पाखरू ओळखता येईल असे. पंडित नेहरूंनी तुरुंगातून ते आपल्या मुलीला पाठवले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी बुडायच्या बेतात आली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंनाच साकडे घातले आणि मदत मिळवली. अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात बाहेर पडला. शेवटचा खंड आला तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तर होते.

माणूस कसा होता?

शिस्तीला कडक, वेळेला पक्का आणि जिभेला तिखट. मुक्कामात कुणी घोरलेले त्यांना अजिबात खपत नसे. मोटारसायकलचे त्यांना विलक्षण वेड. 1950 मध्ये स्वीडनमधल्या पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि युरोपात तिच्यावरून भटकंती केली. तेव्हा वय होते त्रेपन्न! 1976 साली त्यांना वन्यजीवरक्षणासाठीचा पॉल गेटी पुरस्कार मिळाला, पन्नास हजार डॉलरचा. ती रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. पद्मभूषण, पद्मविभूषण आले. 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी आत्मचरित्र निघाले आणि त्याचे नाव त्यांनी चिमणीवरूनच ठेवले.

मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या खात्यातली नावेची बाजूही दाखवावी लागते. राजस्थानातील भरतपूरचे पाणपक्ष्यांचे तळे शिकारीपासून वाचवण्यात सलीम अलींचा मोठा वाटा होता. तिथे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर म्हशींना चराई बंद करावी, असा पक्षितज्ज्ञांचा आग्रह होता आणि त्यात त्यांचाही आवाज होता. 1982 मध्ये बंदी आली. गावकरी खवळले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे दगावली. आणि पुढे त्यांच्याच सोसायटीने वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून दिसले, की म्हशी बंद झाल्यावर पाण्यात गवत बेसुमार माजले आणि काही पाखरांना ती जागाच उरली नाही. म्हशी त्या तळ्याची राखण करत होत्या म्हणायच्या! सलीम अलींनी लावलेली नोंदीची शिस्त इतकी प्रामाणिक होती, की तिने खुद्द त्यांचाही अंदाज दुरुस्त केला. हा मला त्यांचा पराभव वाटत नाही. ज्या पेढीत मालकाची बेरीजही पडताळून पाहतात, ती पेढी पिढ्यान् पिढ्या टिकते.

20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मृगाच्या सरींचे ते दिवस. किहीमला सुगरणींची लगबग सुरू होण्याचे.

आपल्या हाती काय?

गोव्यात मांडवीच्या खारफुटीतले चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाने ओळखले जाते. आमच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळचे जुने तळे आज सलीम अली सरोवर म्हणून प्रसिद्ध आहे. 12 नोव्हेंबर ही त्यांची जयंती आणि 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, या दोन तारखा जोडून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. चितमपल्लीही 2025 च्या जूनमध्ये आपल्याला सोडून गेले.

पण पाखरे पाहण्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहायला नको. एखाद्या उन्हाळी सुटीत चार-सहा कुटुंबांनी मिळून देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघावे आणि पहाटे मुंबई गाठावी. ठाण्याच्या खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून 2015 मध्ये गौरव झाला आणि 2022 मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. एप्रिल-मेमध्येही तिथे आणि शिवडीच्या चिखलात रोहितांचे थवे असतात. जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ मात्र जरूर पाहावी, कारण ती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात जातात आणि पूर्ण भरतीला चिखलच दिसत नाही. पाणी चढू लागले की हळूहळू काठाकडे सरकणारी ती गुलाबी रांग पाहण्यासारखी. छोटा रोहित चोच उलटी बुडवून पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो आणि त्याच खाण्यातून त्याला गुलाबी रंग मिळतो, हे मुलांना दुर्बिणीतून दाखवावे. टोपी, पाणी आणि एक वही सोबत असावी. वही विसरू नये.

इतके लांब जाणे जमत नसेल तर पैठणचा नाथसागर आहेच. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की तिथेही रोहित उतरतात. जालन्याचा घाणेवाडी तलाव आहे, बदनापूरजवळ सोमठाण्याचे धरण आहे. उन्हाळ्यात गाळ उघडा पडलेल्या या तळ्यांकडे आपण फक्त टँकरच्या चिंतेने पाहतो. ती चिंता खरीच आहे. पण त्याच उथळ पाण्यावर किती पाखरांचा उन्हाळा निभावतो, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवे.

कशासाठी, असे कुणी विचारील. एक उदाहरण देतो. माळढोक हा आपल्या माळरानांचा राजा. तो राष्ट्रीय पक्षी व्हावा, अशी सलीम अलींची फार इच्छा होती. मान मोराला मिळाला. आज महाराष्ट्राच्या माळांवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तो इथे होता आणि आता नाही, हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो, कारण कुणीतरी तेव्हा वहीत लिहून ठेवले. ज्याची नोंदच नाही ते कधी गेले, हे समजतसुद्धा नाही. 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून 39 रोहित एका रात्रीत मेले, तेव्हा लोक हळहळले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. पण खाडीकाठची एकेक पाणथळ भर घालून बुजवली जाते, तेव्हा आवाज होत नाही. तिथे हिशेबाची वहीच तेवढी साक्षीला उभी राहते.

सलीम अलींना नोकरी नव्हती, पदवी नव्हती, काही काळ तर धड उत्पन्नही नव्हते. त्यांच्यापाशी वही होती, आणि जे दिसले तेवढेच लिहायचे हा नेम होता. येत्या सुटीत घरातल्या मुलांना मोबाइलबरोबर एक दोनशे पानी वही आणून द्या. पहिल्या पानावर तारीख, वेळ, ठिकाण आणि अंगणात दिसलेले पहिले पाखरू लिहायला सांगा. ती साधी चिमणी असली तरी चालेल.